‘पेरलंत तेच उगवलं’ असं कोणी आजाऱ्याच्या घरी येऊन म्हणालं तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. ताई गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. प्रार्थनासभेत एका बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की माणूस जे पेरतो तेच कापतो असं बायबलमध्येच लिहिलंय, तेव्हा घरात काय पाप झालंय ते शोधा. मग बाहेरून आलेला एक प्रचारक म्हणाला, पैशाचं बी पेरा, शंभरपट आरोग्य मिळेल. आणि सख्ख्या भावाने वडिलांच्या घर-कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कागदावर ताईंची सही घेऊन हिस्सा स्वतःकडे वळवलाय, तो मजेत आहे, मग त्याचं पेरलेलं कुठं उगवतंय? शेवटी असंही विचारलंय की हे आपल्याकडच्या कर्माच्या फळासारखंच आहे की वेगळं.

मी मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं पाळक आहे आणि माझा जास्त वेळ घरभेटींत आणि बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डांत जातो, त्यामुळे हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी बसून खूप वेळा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण वचन खरं आहे, चांगलं आहे, आणि नेमकं जो आधीच खचलाय त्याच्याच अंगावर ते टाकलं जातं.

सरळ उत्तर देतो. नवऱ्याच्या आजारावरून घरातलं पाप हुडकून काढायला हे वचन दिलेलं नाही. ज्याच्या हातात आज बी आहे त्याला ते विचारतं की बाबा, हे तू कुठं टाकणार आहेस. दुसऱ्याच्या शेतातलं करपलेलं पीक बघून त्याने काय पेरलं असेल याचा निकाल द्यायचा अधिकार त्यात कोणालाही नाही, त्या बाईंनाही नाही आणि मलाही नाही.

स्वतः उघडून बघा, बायबलमधलं गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय, सातवं वचन. फसू नका, देवाचा उपहास व्हायचा नाही, माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळेल. हे प्रेषित पौलाने इ.स. 50 च्या आसपास गलतिया नावाच्या प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलं, आजच्या तुर्कस्तानात येतो तो भाग. तिथं भांडण पेटलं होतं की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती व्हायचं तर सुंता करून घ्यायलाच पाहिजे का, आणि लोक एकमेकांना चावून खायला उठलेत असं पौल पाचव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो. म्हणजे पत्र आजाऱ्यांना नाही, धडधाकट माणसांना लिहिलंय जी धर्माच्या नावावर एकमेकांशी भांडत होती. त्याच अध्यायात तो वैर, मत्सर, राग, तट पाडणं, दारूबाजी अशी यादी देतो आणि समोर प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता अशी दुसरी यादी ठेवतो. मग सहाव्या अध्यायात पेरणीची गोष्ट येते आणि आठव्या वचनात तो उलगडून सांगतो की देहस्वभावासाठी पेरलं तर नाशाचं पीक, आत्म्यासाठी पेरलं तर सार्वकालिक जीवनाचं. किडनी, नोकरी, मुलाचं लग्न, बँक बॅलन्स यातलं काहीही तिथं नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की सातव्या वचनाच्या आधी दुसरं वचन येतं. एकमेकांची ओझी वाहा म्हणजे ख्रिस्ताचा नियम पुरा होतो. त्याच्याही आधी पहिलं वचन सांगतं की कोणी खरंच अपराधात सापडला तरी त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा आणि स्वतःकडे लक्ष ठेवा. म्हणजे खरोखर चूक केलेल्या माणसाशीसुद्धा सौम्य वागायचंय, मग ज्या बाईला आठवड्यातून तीनदा नवऱ्याला घेऊन हॉस्पिटल गाठायचंय तिच्याशी कसं बोलायला हवं ते तुम्हीच ठरवा. सातवं वचन पाठ आणि दुसरं विसरलेलं, असं वाचन मला मान्य नाही.

तुम्ही लिहिलंय की त्या बाई वयाने मोठ्या आहेत, उलट बोलता येत नाही. ठीक आहे, बोलू नका, पण मनात हे पक्कं असू द्या की त्यांनी मांडलेला विचार बायबलमध्येच एका माणसाने मांडलाय आणि देवाने त्याला तिथंच खोडून काढलंय. ईयोबाचं पुस्तक, चौथा अध्याय. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आलेत, राखेत बसलाय, आणि त्याचा मित्र अलीफज सांगतो की मी तर असंच पाहिलंय बाबा, जे अधर्म नांगरतात आणि कष्ट पेरतात ते त्याचीच कापणी करतात. वाक्य ऐकायला बरोबर वाटतं ना? पण पुस्तकाच्या शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्याच अलीफजला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा कोप झालाय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आणि ईयोबानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. आजाऱ्याला भेटायला निघणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं वाचून निघावं असं मला मनापासून वाटतं.

येशूकडेही हाच प्रश्न दोनदा आला. योहान नऊमध्ये जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू म्हणतो ह्याचंही नाही, आईबापांचंही नाही. लूक तेरामध्ये शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेल्याचा विषय निघतो, आणि ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, नाही, असं तो स्वतःच विचारून स्वतःच सांगतो. आणि लगेच वळून ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. मेलेल्यांचं खातं त्याने तपासलं नाही, जिवंतांना पुढचं सांगितलं.

आता आजाराबद्दल खरं बोलू. किडन्या जाण्यामागे मधुमेह आणि ब्लड प्रेशर ही सगळ्यात नेहमीची कारणं आहेत, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. वर्षानुवर्षं शुगर तपासली नाही, गोळ्या मधेच सोडल्या, असं झालं असेल तर शरीर त्याची किंमत मागतं, आणि घरातल्या पुढच्या पिढीने त्यावरून शिकावं, तपासण्या करून घ्याव्या. पण शरीराचं कारण कळलं म्हणजे देवाचा राग कळला असं होत नाही. तशीच शुगर, तसंच दुर्लक्ष असलेला दुसरा माणूस सत्तरीत रोज मार्केटला चालत जातो, आणि कधी काही चुकीचं न खाल्लेल्या बाईच्या किडन्या जातात. पाऊस नीतिमानांवर पडतो आणि अनीतिमानांवरही पडतो असं मत्तय पाचमध्ये आहे, ते याचसाठी.

आमच्या मंडळीतल्या एका घराची खाजन जमीन आहे नदीच्या बाजूला. ज्यांना खाजन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाडीच्या भरतीपेक्षा खालची जमीन बांध घालून राखलेली असते आणि बांधात मानस असते, म्हणजे दरवाजे. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. एका वर्षी मासळीच्या लोभाने कोणीतरी ती दारं भरतीला उघडी ठेवली आणि रात्रीतून खारं पाणी आत शिरलं. यांनी बियाणं चांगलं घेतलेलं, चिखलणी वेळेवर, लावणी वेळेवर, सगळं केलेलं. सकाळी मी गेलो तेव्हा घरातली आजी बांधावर बसून होती, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावून बघत होती परत परत. कोरगूट असता तर थोडा तग धरला असता, तो खारं सोसतो, पण यांनी दुसरं भात लावलं होतं, ते पिवळं पडून बसलं. आणि एक हंगाम गेला एवढ्यावर भागत नाही, पुढचे पावसाळे ते मीठ धुवून काढेपर्यंत जमीन पूर्वीसारखी पिकत नाही. आता त्या आजीला जाऊन कोणी म्हणेल का, पेरलंत तेच उगवलं? पेरलं एकाने, दारं उघडली दुसऱ्याने, भोगलं सगळ्या वाड्याने. तुमच्या घरात शिरलेलं खारं पाणी कुठून आलं ते मला माहीत नाही ताई, पण पाणी आत शिरलंय म्हणून बियाणंच वाईट होतं असं मी कधी म्हणणार नाही.

होशेय संदेष्ट्याने ‘वारा पेरतात आणि वावटळ कापतात’ म्हटलं तेही कुठल्या एका घराला उद्देशून नव्हतं, अख्ख्या इस्राएलच्या राज्याला होतं. आपल्या डिचोली-सत्तरीत पावसात खाणीच्या डंपांवरचा गाळ वाहून ज्यांच्या शेतात भरला, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पेरणारे आणि भोगणारे तिथं वेगळे होते.

पण मग सातवं वचन खोटं आहे का? बिलकुल नाही, आणि दुखावलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून ते पातळ करणंही मला पटत नाही. एक प्रसंग सांगतो. बार्जवर काम केलेला एक माणूस, पन्नाशीच्या आतला, दारूने लिव्हर गेलेलं, पोटात पाणी भरायचं, डॉक्टर काढायचे, परत भरायचं. त्याने वॉर्डात पश्चात्ताप केला, खरा केला, मी समोर होतो. आठवड्याभराने मला विचारतो, देवाने माफ केलंय म्हणता ना, मग पोट परत का भरतंय?

याच्याइतका प्रामाणिक प्रश्न मी क्वचित ऐकलाय. मी त्याला वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट वाचून दाखवली, लूक तेवीस. तो चोर स्वतःच म्हणतो की आम्हाला आमच्या कृत्यांचं योग्य फळ मिळतंय, आणि येशू त्याला म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याला क्षमा पूर्ण मिळाली, पण खिळे निघाले नाहीत. दावीद राजाचंही तसंच, नाथान संदेष्टा म्हणतो परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, आणि त्याच दमात सांगतो की तुला झालेलं मूल मात्र मरेल. क्षमा म्हणजे देवाशी नातं परत जुळतं. लिव्हर नवं मिळतंच असं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग मुलाला बोलावून सांगितलं की मोटरसायकल वीक आणि सोसायटीत गहाण ठेवलेल्या आईच्या बांगड्या सोडवून आण. मुलगा चिडला, साहजिक होतं, बापाने आयुष्यभर काही दिलं नव्हतं आणि आता मोटरसायकलही मागतोय. पण त्याने विकली. बांगड्या आणल्या त्या दिवशी बायकोने त्या वॉर्डातच हातात घातल्या आणि नवऱ्याचं तोंड ओल्या टॉवेलने पुसलं, बोलली काही नाही. चवथीच्या आधी तो गेला. त्याने जुनं पेरलेलंही कापलं आणि जाता जाता नवीनही पेरलं, ते आता मुलगा कापतोय, म्हणजे बाटलीला हात लावत नाही आणि आईला सोडून राहत नाही.

म्हणून, ताई, तुमच्याकडून खरंच एखादी ठरावीक गोष्ट झाली असेल, कोणाचे पैसे बुडवले, कोणावर खोटा आळ घेतला, तर ती तुम्हाला नाव-गाव-तारखेसकट आठवेल, आणि तिचा उपाय लूक एकोणीसमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने दाखवलाय, कबूल करायचं आणि परत करायचं, त्याने तर चौपट दिलं. पण नुसती छातीत धडधड, आपलं काहीतरी चुकलंच असणार ही भीती, नेमकं काय ते सापडत नाही, रात्री दोन वाजता जुनं जुनं उकरत बसणं, तर तो पवित्र आत्म्याचा आवाज नाही. इतकी वर्षं लोकांजवळ बसून मला एवढं कळलंय की देव दोष दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो आणि सुटायची वाटही दाखवतो, माणसाला अंधारात चाचपडत ठेवत नाही.

कर्माबद्दल. शेजारपाजारच्या हिंदू बंधूंच्या श्रद्धेवर मी बोलणार नाही, तो माझा विषयही नाही. ख्रिस्ती बाजू सांगतो. पेरणी-कापणी हा आपोआप चालणारा हिशोब आहे असं आम्ही मानत नाही, त्यामागे ओळख असलेला, बोलणारा, ऐकणारा देव आहे असं मानतो. मागच्या जन्माचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबतात ही जुनी म्हण यहेज्केल अठरामध्ये देवानेच बंद करायला सांगितली. आणि स्तोत्र 103 म्हणतं की त्याने आमच्या पापांच्या मानाने आम्हाला वागवलं नाही. ख्रिस्ती श्रद्धेचं मूळच इथं आहे, आम्ही पेरलेलं त्याने वधस्तंभावर कापलं आणि त्याने पेरलेलं आमच्या पदरात पडलं. हे मानायचं आणि वर आजाऱ्याच्या पापाची मोजणी करायची, या दोन गोष्टी एका तोंडात बसत नाहीत.

पैशाच्या बियाण्याबद्दल मी कडकच बोलणार. देऊ नका. शंभरपटीचं वचन मत्तय तेरामधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं आहे आणि तिथलं बी म्हणजे देवाचं वचन, हे लूक आठमध्ये येशूने स्वतः सांगितलंय. पैशासाठी ‘जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील’ हे 2 करिंथ नऊमध्ये आहे खरं, पण तो पैसा पौल स्वतःसाठी मागत नव्हता, यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी चालू होती. आणि आठव्या अध्यायात बघा, पैसे न्यायला मंडळ्यांनी नेमलेली दुसरी माणसं तो सोबत घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून, प्रभूच्या दृष्टीनेच नाही तर माणसांच्याही दृष्टीने व्यवहार चोख असावा म्हणून. त्या प्रचारकाला एवढंच विचारा की पैसे कुठं जातात, पावती कोण देतं, हिशोब कोण बघतं. शिवाय देणं खेदाने किंवा भाग पडलं म्हणून नको, हेही तिथंच लिहिलंय, आणि नवऱ्याच्या जिवाची भीती घालून घेतलेला पैसा यापेक्षा भाग पाडलेला दुसरा कुठला असणार? तुम्हाला द्यायचंच असेल तर डायलिसिसच्या बाकावर तुमच्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या रिक्षाचं भाडं द्या. मोबदल्यात नवऱ्याची तब्येत मागू नका, ती वेगळी मागा, रडून मागा, देव बाप आहे.

राहिला भाऊ. त्याचं पीक दिसत नाही म्हणून देवाने सोडलंय असं समजू नका. 1 तीमथ्य पाचच्या शेवटी आहे की काहींची पापं उघड असतात, आधीच न्यायाला जातात, काहींची मागून जातात. स्तोत्र 73 लिहिणाराही तुमच्याचसारखा दुर्जनांचं चांगलं चाललेलं बघून जळत होता, त्याने ते लपवलं नाही, देवासमोर नेऊन ओतलं. तुम्हीही ओता. फक्त त्याचं कधी वाटोळं होतं याकडे डोळे लावून बसू नका, कारण मग तुमची पेरणी त्या भावाच्या शेतात चालू होते आणि तुमचं स्वतःचं शेत पडीक राहतं. पण क्षमा करायची म्हणजे हक्क सोडायचा असं मी अजिबात सांगणार नाही. गोव्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे, 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलंय, आणि आता वारसा व इन्व्हेंटरीचा (म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायच्या कामाचा) 2012 चा कायदा आहे. बहिणीला ‘एक सही कर फक्त’ म्हणून बसवायची पद्धत आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही आहे, आणि तिला आपण कुटुंबाची समजूत वगैरे म्हणतो, ते मला चुकीचं वाटतं. आधी त्या कागदाची नक्कल मिळवा, त्यात नक्की काय लिहिलंय, कोणासमोर सही झाली, ते इन्व्हेंटरीची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा, उशीर करू नका कारण मुदती असतात. मनात वैर न ठेवता कोर्टात जाता येतं. कठीण आहे, पण येतं.

आणि एक राहिलं, गलतीकरांसच्या त्याच सहाव्या अध्यायातलं नववं वचन. चांगलं करायचा कंटाळा करू नये, न खचलो तर यथाकाळी पीक पदरी पडेल. हे वचन त्या बाईंनी तुम्हाला ऐकवायला हवं होतं. पहाटे उठून डबा, फाइल, पिण्याच्या पाण्याचं माप, सुईच्या जागेवर टॉवेल दाबून चार-चार तास बसणं, घरी आल्यावर त्यांची चिडचिड ऐकणं, हीच पेरणी आहे, आणि स्तोत्र 126 म्हणतं तशी रडत केलेली पेरणी आहे. त्याचं पीक या किडन्यांत दिसेल असं वचन मी देऊ शकत नाही. पण ते वाया जात नाही यावर मी माझं आयुष्य लावलंय.

पण तिन्ही दिवस एकटीने करू नका, त्याने तुम्ही पडाल. डायलिसिस कुठल्या सेंटरला आणि कुठल्या वारी असतं ते मला कळवा. डिचोली आणि साखळीत आमच्या मंडळीची दोन-तीन घरं आहेत, त्यातल्या एकाकडे गाडी आहे आणि मी त्यांच्याशी कालच बोललोय. एक वार ते नेतील-आणतील आणि तुमच्या जागेवर बसतीलही, त्या दिवशी तुम्ही झोपा.